काळ्या पिशवीची गाठ

*प्रोजेक्ट करायला निघालो होतो 'त्यांच्या' आरोग्यावर. वाटेत आमचीच डस्टबिन आडवी आली!*

शनिवारची सकाळ. चहाचा दुसरा कप, दोन दिवस उशीर झालेला एक लेख आणि मोबाइलवर अनोळखी नंबर. 'हाय ताई! मी आपल्याच डिपार्टमेंटची, सेकंड इयर. आमचा ग्रुप सॅनिटरी वेस्टवर रिसर्च करतोय, शेवटी एक्झिबिशन पण आहे. तुमच्या बॅचने सेम टॉपिक केला होता ना? पीडीएफ मिळेल का प्लीज? आणि थोड्या टिप्स?' पुढे तीन जोडलेले हात आणि एक लाल बदाम.

ताई! वय वर्षं अठ्ठावीस आणि मी ऑफिशियली सीनियर झाले तर. कालपरवापर्यंत मीच कुणाकुणाला असे मेसेज पाठवत होते. असो. जुना लॅपटॉप काढला, चार्जर शोधण्यात अर्धा तास गेला आणि 'फायनल', 'फायनल-२', 'फायनल-खरंच' अशा तीन फोल्डरांमधून एकदाची ती पीडीएफ सापडली. एकशे चाळीस पानं. मुखपृष्ठावर आम्हा सहा जणांची नावं आणि खाली एक लाल ठिपका.

पाठवणार होते. पण बोट सेंडवर ठेवलं आणि थांबले. कारण त्या प्रोजेक्टमध्ये जे घडलं, ते त्या एकशे चाळीस पानांत फारसं नाहीच!

'आणि नंतर?'

गोष्ट २०१९ च्या पावसाळ्यातली. मास कम्युनिकेशनचं शेवटचं वर्ष. एक संशोधन आणि त्यावर आधारलेलं एक कलाप्रदर्शन, असा फायनल प्रोजेक्ट असायचा. आमच्या ग्रुपमध्ये पाच मुली आणि एक मुलगा. विषय ठरवायला कॅन्टीनमध्ये बसलो आणि दहा मिनिटांत ठरलासुद्धा. आदल्या वर्षी 'पॅडमॅन' येऊन गेला होता. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी नॅपकिनवरचा बारा टक्के जीएसटी रद्द झाला होता. पाळी हा शब्द एकदम फॅशनमध्ये होता म्हणा ना! आम्ही ठरवलं, वस्तीतल्या मुलींना पॅड मिळतात का, त्या वापरतात का, यावर सर्व्हे करायचा. शेवटी पॅडवाटप, फोटो, टाळ्या. विषय सोशल, मार्क पक्के.

गाइड मॅडमनी प्रपोजल वाचलं. चष्मा वर केला आणि दोनच शब्द विचारले, "आणि नंतर?"

"नंतर म्हणजे, मॅडम?"

"वापरून झाल्यावर. कुठे जातं ते?"

आम्ही पाचही मुली एकमेकींकडे बघायला लागलो. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून दर महिन्याला आम्ही ही वस्तू टाकत होतो. कुठे टाकतो ते माहीत होतं. कुठे जाते ते एकीलाही सांगता येईना. मुलगा तर तेव्हा खिडकीबाहेर बघत होता.

तिथून आमचा विषय उलटा झाला. आकडे शोधायला बसलो तेव्हा हा 'नंतर' केवढा मोठा आहे ते दिसायला लागलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली पंधरा ते चोवीस वयाच्या साधारण ५८ टक्के मुली पाळीत स्वच्छ साधनं वापरत होत्या. पुढच्या, २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ७७ टक्क्यांपर्यंत गेलं. आनंदाचीच गोष्ट आहे, यात वाद नाही. शाळा बुडवणाऱ्या मुली, ओल्या फडक्याने सोलवटलेल्या मांड्या, हे सगळं कमी झालं तर कुणाला नकोय? पण बाजारातलं नेहमीचं पॅड म्हणजे वरचा थर प्लॅस्टिकचा, खालचा थर प्लॅस्टिकचा, मध्ये लाकडाचा लगदा आणि द्रव शोषून जेलीसारखी फुगणारी रासायनिक पूड. वापर चार-सहा तासांचा आणि मुक्काम जमिनीत शेकडो वर्षांचा.

पहाटे सात, कर्वेनगर

पुण्यात घरोघरचा कचरा कोण उचलतं, हे पुणेकरांना सांगायला नको. पण त्यामागची कहाणी मला पुण्यात तीन वर्षं राहूनही माहीत नव्हती. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. त्यामागे एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या होत्या आणि बाबा आढावांसारखा माणूस पाठीशी होता. पुढे याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार करून दारोदारचं काम घेतलं. उकिरड्यावर फिरणारी बाई ओळखपत्र गळ्यात घालून सोसायटीच्या गेटमधून आत आली. यातल्या बहुसंख्य बाया आणि त्यातही बहुसंख्य दलित समाजातल्या. कित्येकींची घरं बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. म्हणजे 'बाईचा प्रश्न, बाईचा प्रश्न' असं जे आम्ही प्रपोजलमध्ये लिहिलं होतं, त्यात कुठली बाई, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

आमची ओळख करून दिली गेली ती एका मावशींशी. वय पन्नासच्या पुढे, नऊवारी वर खोचलेली, त्यावर कोट. आम्ही सकाळी सातला वह्या, रेकॉर्डर, मास्क आणि हँडग्लोव्हज घालून हजर. मावशींच्या हातात काही नव्हतं. "ग्लोव्ज हायेत की घरी," त्या म्हणाल्या. "पण ते घातलं की बोटाला कळत न्हाई. काच हाय का कागद, हाताला समजाया लागतं."

काम काय असतं, ते तेव्हा नीट पाहिलं. ओला कचरा एका डब्यात. सुका ढकलगाडीवर. मग सोसायटीच्या मागच्या बाजूला बसून सुक्याचे भाग. पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, जाड प्लॅस्टिक वेगळं. हे भंगारवाल्याकडे जातं आणि त्याचे पैसे होतात. घरामागे मिळणाऱ्या महिन्याच्या पैशांइतकीच ही दुसरी कमाई महत्त्वाची. त्यामुळे एकही पिशवी न उघडता फेकून देणं परवडत नाही.

आणि मग ती आली. काळी पिशवी. आत वर्तमानपत्राचं पुडकं, वर गाठ. मावशींनी नखाने गाठ सोडवली, पुडकं उलगडलं, बघितलं आणि बाजूला टाकलं. हात कोटाला पुसला. पुढची पिशवी. पुन्हा गाठ, पुन्हा नख, पुन्हा तेच. माझं पोट ढवळलं. मी दुसरीकडे बघायला लागले, मग लाज वाटून पुन्हा इकडे बघितलं.

"मावशी, तुम्ही उघडता कशाला? बाजूला ठेवून द्या ना तसंच."

"आगं बाळा, उघडल्याबिगर कळतंय व्हय आत काय हाय ते? मागल्या महिन्यात असंच पुडकं, म्हणलं त्येच असंल. दाबलं तर फुटलेला बल्ब. हे बघ." त्यांनी तळहात पुढे केला. अंगठ्याखाली बुजत आलेला व्रण होता.

वापरलेलं पॅड, लहान मुलांचं डायपर, म्हाताऱ्यांचं डायपर. उघड्या हाताने हे सगळं हाताळणं म्हणजे काय, ते आम्ही नंतर एका डॉक्टरांकडून समजून घेतलं. हातावर साधी चीर असली तरी जंतूंना तेवढी वाट पुरते. त्वचेच्या संसर्गापासून रक्तातून पसरणाऱ्या काविळीपर्यंतचा धोका. पण त्या सकाळी वहीत मी एवढंच लिहिलं होतं : 'आपण लपवतो, म्हणून ती उघडते.'

वाक्य मलाच एवढं आवडलं की मी ते दोनदा अधोरेखित केलं. रिसर्चर म्हणून स्वतःवर खूश होऊन वही बंद केली. तेवढ्यात मावशींनी सहज विचारलं, "तुमच्या खोलीवरचं कोण नेतं गं?"

मी पेइंग गेस्ट म्हणून राहायचे ते तिथून दोन गल्ल्या सोडून. आम्ही चौघी एका खोलीत. कचरा कोण नेतं? बेल वाजायची, कुणीतरी डबा बाहेर ठेवायचं. मी झोपलेली असायचे.

"नक्की माहीत नाही, मावशी."

"पिवळ्या गेटची बिल्डिंग न्हवं? ती माझ्याच जावंकडं हाय. तिथनं लई घट्ट गाठी येत्यात म्हनती. दोन-दोन."

दोन-दोन गाठी मीच मारायचे. काळी पिशवी, दुहेरी गाठ. मेडिकलवाला पॅडचं पाकीट कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून द्यायचा, ती पिशवी मी जपून ठेवायचे आणि तिचा असा 'रियूज' करायचे. मला वाटायचं, मी किती स्वच्छ आहे! उघड्यावर टाकणाऱ्यातली नाही. हायजिन म्हणजे काय ते मला कळतं.

त्या दिवशी खोलीवर गेले आणि कुणालाच काही सांगितलं नाही. रूममेटनाही नाही, ग्रुपलाही नाही.

आईचा बंब

प्रोजेक्टची प्रश्नावली होती चोवीस प्रश्नांची. दिवाळीत घरी गेले तेव्हा म्हटलं, चला, एक फॉर्म आईकडून भरून घेऊ. आमचं गाव तालुक्याचं. तेव्हा घरामागे परसात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता.

"तुझं काहीतरीच!" आई म्हणाली. "हे कॉलेजात शिकवतात?" मग आधी दार लावलं. दार लावल्यावर मात्र जी बोलायला लागली, की चोवीस प्रश्न बाजूलाच राहिले.

लग्न होऊन आली तेव्हा पॅड नव्हतीच. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या. त्या धुवायच्या सगळे झोपल्यावर आणि वाळत घालायच्या परकराच्या खाली, भिंतीच्या आतल्या अंगाला. उन्हात कधीच नाही. उन्हात वाळलेलं फडकं निर्जंतुक होतं, हे तिलाही माहीत होतं. "पण ऊन म्हणजे अंगण. आणि अंगणात तुझे आजोबा बसायचे ना," ती म्हणाली. पावसाळ्यात घड्या दमटच राहायच्या. खाज, पुरळ, जळजळ. सांगणार कुणाला?

मग पॅड आली. माझ्यासाठी म्हणून आणलेली तीही वापरू लागली. आणि टाकायची कुठे? तर बंबात. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तिने हेच शिकवलं होतं. "पहाटे बंब पेटवताना आत सारून दे. कुणाला दिसत नाही." वर्षानुवर्षं ती पहाटे पाचला बंबाशी उकिडवी बसायची. फुंकणीने फुंकायची. तो उग्र, प्लॅस्टिक जळल्याचा वास मला अजून आठवतो. लहानपणी मला वाटायचं, बंबाचा वास असाच असतो.

माझ्या बॅगेत तेव्हा प्रोजेक्टच्या झेरॉक्स होत्या. त्यात लिहिलं होतं, की असा कचरा नीट जाळायचा तर आठशे अंशांच्या वर तापमान सांभाळणारी, धूर रोखणारी भट्टी लागते. कमी आचेवर प्लॅस्टिक अर्धवट जळलं की विषारी वायू आणि सूक्ष्म कण हवेत जातात आणि सोबत क्लोरीन असेल तर डायॉक्सिनसारखी घातक द्रव्यंही तयार होतात. हे मी परीक्षेसाठी पिवळ्या मार्करने रंगवलं होतं. आता ते वाक्य आणि फुंकणी हातात धरलेली आई, दोन्ही एकदम डोळ्यांसमोर आले.

आईला काही झालंय, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण मला पहिल्यांदाच कळलं, की घरात पाणी सगळ्यांसाठी तापत होतं आणि धूर मात्र एकटीच्या वाट्याचा होता. आणि तो कशासाठी? तर एक पुडकं घरातल्या पुरुषांच्या नजरेला पडू नये म्हणून!

आईचा बंब आणि माझी काळी पिशवी. मी समजत होते, मी शहरात येऊन सुधारले. मी फक्त धूर दुसऱ्या बाईकडे पाठवला होता.

भिंतीवर पॅड लावायचं का?

आता पाळी (!) प्रदर्शनाची. संशोधन झालं, पण कला? कॉलेजच्या लायब्ररीत आम्ही 'आधी कुणी काय केलंय' ते शोधायला बसलो आणि खजिनाच सापडला. १९७२ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला ज्यूडी शिकागो आणि मिरियम शपिरो या दोघी कलाकार-शिक्षिकांनी आपल्या विद्यार्थिनींना घेऊन एक पडीक घर दुरुस्त केलं. खोलीखोलीत कलाकृती मांडल्या, नाव ठेवलं 'वुमनहाउस'. त्यात शिकागोने मांडलेलं एक पांढरंशुभ्र बाथरूम होतं. फळीवर नीट लावलेली पाकिटं आणि खाली वापरलेल्या पॅडनी ओसंडून वाहणारी कचऱ्याची टोपली. बघणाऱ्याने पातळ पडद्याआडून बघायचं. इकडे २०१५ मध्ये जर्मनीतल्या एका तरुणीचं पाहून दिल्लीच्या जामिया आणि कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आवारात पॅडवर संदेश लिहून चिकटवले. केवढा गदारोळ झाला होता!

आम्हीही तेच करणार होतो. लाल शाई, पांढरी पॅड, मोठी भिंत. मस्त फोटो आले असते. पण आमच्यातली सोलापूरची जी मैत्रीण होती ना, ती म्हणाली, "प्रदर्शन संपल्यावर ही सगळी पॅड कोण उचलणार?"

सन्नाटा. 'आणि नंतर?' पुन्हा आमच्यासमोर येऊन उभं.

मग आम्हाला सापडली न्यू यॉर्कची मिर्ल लॅडरमन युकेलिस. आई झाल्यावर हिच्या लक्षात आलं, की आपला दिवस धुण्या-पुसण्यात, आवरण्यात जातो आणि त्याला कुणी कला म्हणत नाही, कामही म्हणत नाही. तर ही म्हणाली, हीच माझी कला. १९७९-८० मध्ये ती शहरातल्या सगळ्या साडेआठ हजार सफाई कामगारांना भेटली, एकेकाशी हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. एवढंच. हात हातात घेणं.

हात! आम्हाला आमचा धागा मिळाला. बघायची वस्तू नको, हाताने करायची वस्तू हवी. ही कल्पना कुणाची माहितीये? त्या खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाची.

फेब्रुवारी २०२०. हॉलमध्ये एक लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्राची एकसारखी पुडकी. काहींत लाल रंग लावलेली पॅड, काहींत गोळ्यांची रिकामी पाकिटं, काहींत केळ्याची सालं, काहींत स्वच्छ प्लॅस्टिक. सूचना एकच : 'दोन मिनिटांत वेगवेगळं करा. ग्लोव्हज नाहीत.' आणि पलीकडे दुसरं टेबल. तीच पुडकी, पण पॅडच्या पुडक्यांवर लाल ठिपका.

हा ठिपका आमचा नाही बरं का. पुण्यात 'स्वच्छ'ने 'रेड डॉट' मोहीम आधीच चालवली होती. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या. बस! उघडायची गरज नाही. त्याआधी २०१३ मध्ये तर या बायकांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांच्या ऑफिसात पाठवल्या होत्या. माल तुमचा, मग कचरा एकट्या आमचाच कसा? २०१६ च्या घनकचरा नियमांत टाकण्यासाठीचं वेष्टन कंपन्यांनीच द्यावं, असं आलं. जुन्या वर्तमानपत्रांच्या खास पिशव्याही या बाया बनवून विकत होत्या. म्हणजे आंदोलन झालं होतं, नियम आला होता, उपाय तयार होता. खोळंबा फक्त आमच्या खोलीवर होता.

'तुमचा कचरा लई स्वच्छ हाय'

प्रदर्शन तीन दिवस चाललं. पहिल्या टेबलाशी मुलं खिदळायची, मग दुसऱ्या-तिसऱ्या पुडक्याला गप्प व्हायची. मुली तर पुडक्याला हात लावण्याआधीच ओळखायच्या आणि तरी उघडायला कचरायच्या. एक सर आले, सूचना वाचली आणि 'महत्त्वाचा फोन' आला म्हणून बाहेर गेले. ते परत आले नाहीत.

शेवटच्या दिवशी मावशी आल्या, जावेला घेऊन. आमची धडधड वाढलेली. मावशी पहिल्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि आमचं घड्याळ सुरू व्हायच्या आत त्यांनी निम्मी पुडकी लावून टाकली. मग एक पॅड उलगडून बघितलं आणि हसायला लागल्या.

"पोरींनो, तुमचा कचरा लई स्वच्छ हाय गं! ना वास, ना माशा. असं आसंल तर मी पेन्शन नको म्हनीन."

आमच्या कलेचं याहून खरं परीक्षण कुणी केलं नाही. आम्ही तीन महिने ज्याला 'अनुभव' म्हणत होतो, तो खरा अनुभव नव्हताच, त्याची धुतलेली झेरॉक्स होती.

त्याच दुपारी आई-बाबा गावाहून आले. बाबांना विषय सांगितलाच नव्हता. 'आरोग्यावर आहे,' आई म्हणाली होती म्हणे! बाबा सरळ टेबलाकडे गेले आणि एक पुडकं उचललं. आई पटकन पुढे झाली. "राहू द्या ते. बायकांचं आहे."

मावशी शेजारीच होत्या. म्हणाल्या, "बायकांचं कसं, ताई? पेपर तर दादांचाच हाय न्हवं का?"

क्षणभर कुणालाच काय बोलावं कळेना. मग बाबा हसले. आधी थोडंसं, मग मोठ्याने. आईही हसली, पण तिचे डोळे भरले होते. बाबांनी पुडकं उघडलं नाही. टेबलावरचं लाल स्केचपेन घेतलं, पुडक्यावर ठिपका काढला आणि ठेवून दिलं. गर्दीत ते कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

मी मावशींच्या जावेजवळ गेले. "पिवळ्या गेटची बिल्डिंग तुमच्याकडे आहे ना? ती दोन गाठींची पिशवी माझी."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "व्हय का?" म्हणाल्या. "मग एकच मारत जा."

माफी नाही, भाषण नाही. एकच मारत जा!

हॅपी एंडिंग? छे!

आता तुम्हाला वाटेल, सगळं बदललं. तसं झालं नाही. आमच्या खोलीत भिंतीला लाल स्केचपेन टांगलं गेलं, वेगळा डबा आला. महिन्याभरात लॉकडाऊन लागला आणि आम्ही सगळ्या आपापल्या घरी पळालो. शहर बंद होतं, तरी मावशी आणि त्यांची जाऊ रोज ढकलगाडी घेऊन बाहेर पडत होत्या. कचऱ्यात आता वापरलेल्या मास्कची भर पडली होती. फोनवर मावशी म्हणाल्या, "आता सगळ्यास्नीच कळलं की, दुसऱ्यानं वापरलेलं उघडायचं म्हंजी कसं वाटतं ते!" दोन वर्षांनी त्या बिल्डिंगमध्ये सहज डोकावले, तर खोलीत नव्या मुली होत्या आणि स्केचपेन नव्हतं.

पण काही गोष्टी हलल्या आहेत. २०२२ मध्ये 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेने बाजारातली दहा पॅड तपासली आणि सगळ्यांत थॅलेट्ससारखी रसायनं सापडली. त्यानंतर पॅडच्या आत काय असतं, हा प्रश्न निदान विचारला तरी जाऊ लागला. मैत्रिणींमध्ये कपची, कापडी पॅडची चर्चा होते. मी स्वतः कप वापरते. पण ज्यांच्याकडे तो उकळायला स्वतःची खोली आणि पुरेसं पाणी नाही, त्यांना मी उपदेश करणार नाही. आणि २०२६ च्या नव्या घनकचरा नियमांत सॅनिटरी कचरा हा ओल्या-सुक्याच्या बरोबरीने वेगळा प्रकार म्हणून आला आहे. कागदावर का होईना, ते पुडकं आता सुक्या कचऱ्यात लपून बसू शकत नाही.

तर, ज्युनियर मॅडमना मी पीडीएफ पाठवली नाही. व्हॉइस नोट पाठवली. म्हटलं, पहिला आठवडा प्रश्नावली काढूच नका. आधी स्वतःच्या हॉस्टेलचा कचरा कोण नेतं, ते शोधा. तिला जाऊन भेटा. एक फॉर्म आईकडून भरून घ्या, दार लावून का होईना. आणि ग्रुपमध्ये मुलं असतील तर त्यांना खिडकीपाशी बसू देऊ नका.

उत्तर आलं, 'थँक्यू ताई!! पण मग पीडीएफ?' शेवटी पाठवली. आपणही तिच्या वयाच्या होतोच की!

संध्याकाळी आईचा फोन. आता बंब नाही. गॅसचा गीझर आहे आणि गल्लीत घंटागाडी येते. मी तिला ज्युनियरची गंमत सांगितली. ती म्हणाली, "तिला सांग, ठिपका मोठा काढा म्हणावं. आपल्या गाडीवर येते ती बाई माझ्याच वयाची आहे. चष्म्याशिवाय दिसायला हवा ना तिला."